बाईंना चक्कर येत नव्हती

रणपिसेबाईंनी मला दोनदा मारलं आणि एकदा लाथ घातली. त्या लाथेने माझी बरगडी गेली. आणि त्याच लाथेमुळे आज मी कर्वेनगरच्या एका मेसमध्ये दोन्ही हातांनी पोळ्या लाटते. कणीक मळता मळता कधी कधी मी उजवा पंजा उलटसुलट करून बघते आणि मनातल्या मनात बाईंना जयभीम करते.

बिबवेवाडीच्या एका गल्लीत पत्र्याच्या डब्यांची झाकणं करायचा कारखाना होता. कारखाना म्हणजे दोन गाळे जोडून केलेली एक लांब खोली, पाच प्रेस आणि आम्ही अकरा माणसं. प्रेसचं काम सांगायला सोपं आहे. खाली साचा, त्याला आम्ही डाय म्हणायचो. त्यावर पत्रा ठेवायचा, पायाने पायंडल दाबायचं, वरून ठोका पडतो, झाकण तयार. मध्ये पत्र्याच्या जागी बोट असलं तरी प्रेसला काही फरक पडत नाही.

मी गोंदियाच्याही पलीकडची. सातवीत शाळा सुटली, लग्न झालं, नवऱ्यामागे पुण्याला आले. नवरा कामासाठी म्हणून सुरतेला गेला तो तिकडचाच झाला. गावाकडे कोणत्या तोंडाने जायचं म्हणून मी राहिले. मला आधीच सगळ्याची धास्ती. पहिल्या दिवशी प्रत्येक ठोक्याला मी दचकत होते, आणि दचकत दचकतच एक अडकलेलं झाकण काढायला डायमध्ये बोटं घातली. कानाखाली असा आवाज निघाला की मला वाटलं, ठोकाच पडला. बघते तर समोर सहा फुटी बाई, डोळ्यांवर काळ्या टोपीची झापड ओढलेली.

"ए, नाव काय तुझं?"

मला नाव आठवेना. मी म्हटलं, "गोंदिया, जी."

"गोंदिया जी, अडकलेलं झाकण आकड्याने काढायचं. हा बघ आकडा. तुझ्यापेक्षा जुना आहे आणि तुझ्यापेक्षा शहाणा आहे."

मग दुपारी स्वतःच्या डब्यातलं बोंबलाचं कालवण माझ्या ताटलीत ओतलं. "गाल सुजलाय, डाव्या बाजूने चाव." तेव्हापासून मी कारखान्यात गोंदिया झाले ती झालेच.

बाईंची एक पद्धत होती. त्यांच्या प्रेसवर प्रत्येक ठोक्याआधी त्या ओरडायच्या, "हात!" आणि मदतनीस बाईने ओरडायचं, "बाहेर!" तोवर त्यांचा पाय पायंडलला लागायचा नाही. दिवसभर हे चालायचं. बाकीच्या प्रेसवरची माणसं हसायची. पण बाकीच्या चार प्रेसवरच्या माणसांची मिळून सहा बोटं कमी होती आणि बाईंच्या प्रेसवर कुणाचंच काही कमी नव्हतं.

राग मात्र भयंकर. एकदा डोक्यावरची ट्यूब लुकलुकायला लागली. बाईंनी दोनदा सांगितलं, "मालक, बदला." मालक म्हणाले, "उद्या." बाईंनी झाडू उचलला आणि दांडा असा फिरवला की काचा माझ्या केसांतून निघायला दोन दिवस लागले. मालक सकाळी उदबत्ती लावायचे, ती बाई दोन बोटांच्या चिमटीत जळती विझवायच्या. मालक चिडून म्हणाले, "रणपिसेबाई, आडनाव अगदी बरोबर ठेवलंय तुमचं."

"आडनाव सासरचं आहे मालक. माहेरचं सांगितलं तर गाळा सोडून पळाल."

मी येरवड्यात त्यांच्याच गल्लीत खोली घेतली होती, जाता-येता एकच बस. त्यामुळे हा राग कुठून येतो ते कारखान्यातल्या बाकीच्यांच्या आधी मला कळलं. धास्तावलेलं माणूस दुसऱ्याच्या तोंडाकडे फार बघतं. बाई एखाद्या दिवशी जांभया द्यायला लागायच्या, झोप झालेली असूनही. एकामागून एक, जबडा निखळेल अशा. त्या दिवशी त्या मिठाईच्या दुकानापाशी थांबायच्या आणि उभ्या उभ्या पाव किलो जिलबी संपवायच्या. की मग दुसऱ्या दिवशी उजव्या डोळ्यामागे कुणीतरी खिळा ठोकायला बसायचं. उजेड नको, आवाज नको, वास नको. "मला दुखतं ना, तेव्हा गप्प बसता येत नाही," त्या म्हणायच्या. "काहीतरी फोडावं लागतं."

आणि काही दिवस असे की डोकं अजिबात दुखायचं नाही, पण बाई बसमधून उतरल्या की पाय फाकवून उभ्या राहायच्या, खांब दोन्ही हातांनी धरायच्या. डोळ्यांची बुबुळं थरथरायची. तिथेच उलटी व्हायची. लोक लांबून जायचे. एक कुणीतरी हमखास म्हणायचं, "दुपारीच?"

हा शब्द त्यांना जिवंत जाळायचा. नवऱ्याला त्यांनी दारूपायी घराबाहेर काढलं होतं. त्याच्या बाटल्या उंबऱ्यावर एकेक करून फोडल्या होत्या, तो पाय कापून घेत काचांवरून बाहेर गेला होता आणि परत आला तो चौघांच्या खांद्यावर. तेव्हापासून गल्लीत कुणी झिंगत आलं तर बाई त्याला नळाखाली धरायच्या, मग तो पुतण्या असो की नगरसेवकाचा भाऊ. अशा बाईला रस्त्यात झिंगताना बघणं गल्लीला फार आवडायचं.

एकदा गल्लीतून मिरवणूक निघाली. आमच्याच वस्तीतली, आमच्याच समाजातली पोरं. दोन टेम्पोंवर स्पीकरची भिंत, वरून हिरव्या-निळ्या उजेडाच्या सुया. माझ्या खोलीतली ताटं मांडणीवरून खाली येत होती. संध्याकाळचे सात असतील. बाई सकाळपासून खिडकीला चादर लावून पडून होत्या. मी दारातून बघितलं तर बाई बाहेर आल्या, भिंतीला खांदा घासत, हातात कारखान्यातली पत्रा कापायची कात्री. टेम्पोपाशी पोचल्या आणि स्पीकरची वायर कचकन तोडली. एवढी शांतता झाली की कुणाच्या तरी घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू आली.

एका पोराने त्यांना ढकललं. एरवी चार पोरांनी हलल्या नसत्या. त्या दिवशी एकाच धक्क्याने भेलकांडत गेल्या. उठल्या, पुन्हा पडल्या. उठून कात्रीची मूठ त्या पोराच्या तोंडावर घातली. त्याचा दात रस्त्यावर पडला. मग पोरांनी त्यांना तुडवलं. मी "नका जी, नका" म्हणत होते, पण माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. त्यांच्यापैकीच कुणीतरी मोबाइलवर सगळं घेत होतं. दुसऱ्या दिवशी ते अख्ख्या वस्तीच्या आणि मालकाच्या फोनवर होतं. खाली लिहिलं होतं, 'काकू टल्ली'.

मी हळद घेऊन गेले. बाईंचा ओठ फाटला होता. मी, मूर्ख, विचारलं, "बाई, खरं सांगा. थोडी घेतली होती का?"

तो दुसरा मार. त्या फाटक्या ओठानेच म्हणाल्या, "तू पण?" मग भिंतीकडे तोंड केलं. "घर फिरतं गं. जातं फिरावं तसं. मी मधल्या खुंट्यासारखी."

"मग डॉक्टरला सांगा ना."

"सांगितलं तिघांना. काही निघत नाही."

काय सांगितलं ते मला नंतर कळलं. डॉक्टर विचारायचा, "चक्कर येते का?" बाई म्हणायच्या, "नाही." त्यांच्या हिशेबी चक्कर म्हणजे उपाशी पोरी प्रार्थनेच्या रांगेत धाडकन पडतात ती. डोळ्यांपुढे अंधारी येते ती. अशक्त माणसाला येते ती. सहा फुटी, प्रेस चालवणारी बाई 'मला चक्कर येते' असं कशी म्हणेल? मग एकाने मानेचे मणके सांगितले आणि पट्टा दिला. तो पट्टा घालून बाई कामावर आल्या तेव्हा मालक म्हणाले, "वा, आता मान ताठ." बाईंनी पट्टा काढून मालकाच्या गळ्यात घातला आणि आवळला. दुसऱ्याने कानाचे थेंब दिले. तिसऱ्याने साखरपाण्याची पुडी. आणि डोकं दुखतं हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण डॉक्टरकडे जायच्या दिवशी ते दुखत नसायचं.

त्या व्हिडिओनंतर मालकांनी बाईंना उभं केलं. "रणपिसेबाई, मशीनवर दारू चालणार नाही. पुढच्या वेळी हिशेब नाही, थेट गेटाबाहेर." बाईंनी मान खाली घालून डायवर पुढचा पत्रा ठेवला. मला तेव्हा जास्त भीती वाटली.

ती पुढची वेळ पंधरवड्यात आली. सकाळपासून बाई जांभया देत होत्या. मी मदतनीस. एक झाकण डायमध्ये तिरकं अडकलं. आकडा शेजारच्या प्रेसवर कुणीतरी नेला होता. मागायला जायचं तर त्या माणसाशी बोलावं लागलं असतं, आणि मला माणसांशी बोलायची धास्ती. मी पटकन उजवा हात आत घातला. तेवढ्यात बाईंचं जग फिरलं.

पुढचं त्यांनीच मला सांगितलंय. जमीन डावीकडे उभी राहिली. त्या स्टुलावरून घसरायला लागल्या आणि त्यांचा उजवा पाय, आपोआप, आधार शोधत पुढे गेला. पुढे पायंडल होतं. आपला पाय कुठे चाललाय ते त्यांना कळलं, पण थांबवता येईना. तो पाय त्यांचा राहिलाच नव्हता. डावा अजून त्यांचा होता. तो त्यांनी माझ्या बरगडीत घातला.

मी मागे पत्र्याच्या ढिगावर जाऊन आदळले. ठोका पडला, रिकाम्या डायवर. बाई स्टुलासकट खाली. लादीला दोन्ही हातांनी धरून, जशी काही लादी त्यांना झटकून टाकणार होती, ओकत होत्या.

बाकीच्यांना दिसलं ते एवढंच: रणपिसेबाईने मदतनिसाला लाथ घातली आणि ओकली.

मालकांनी त्यांना रिक्षात घालून घरी पाठवलं. माझ्यापुढे कागद ठेवला. बाईने दारूच्या नशेत मला लाथ मारली, असं लिहिलेलं. "सही कर. तुझ्या भल्यासाठीच आहे. ही बाई एक दिवस कुणाचा तरी जीव घेईल."

मी तो कागद बोट लावून लावून वाचला. मालक घड्याळ बघत होते. मला श्वास घेता येत नव्हता, बरगडीमुळे की धास्तीमुळे, सांगता येणार नाही.

"मालक, माझा हात आत होता."

"काय?"

"आकडा घेतला नव्हता. हात घातला होता. त्यांनी लाथ घातली नसती तर हात गेला असता."

"म्हणजे चूक तुझी? तुलाही घरी बसायचंय का?"

"नाही जी. पण दारू नव्हती."

पेन मी टेबलावर ठेवलं. ते लोळत खाली पडलं, मी उचलून पुन्हा ठेवलं आणि पळाले.

तीन दिवसांनी आम्ही दोघी सरकारी दवाखान्यात. मी छातीला पट्टा बांधलेली, बाई टोपी नाकापर्यंत ओढलेल्या. माझ्या बरगडीसाठी गेलो होतो, पण मी त्यांनाही कानाच्या, आणि तिथून मेंदूच्या नसांच्या डॉक्टरच्या रांगेत उभं केलं. डॉक्टर तरुण बाई होती.

"चक्कर येते का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

मी म्हटलं, "मॅडम, यांना चक्कर येत नाही. यांचं घर फिरतं."

डॉक्टरने मान वर केली. "किती वेळ फिरतं?"

"कधी पोळी भाजेपर्यंत. कधी दुसरा दिवस उजाडेपर्यंत."

"तेव्हा डोकं दुखतं?"

"कधी दुखतं, कधी नाही. कधी आधी दुखतं, कधी मागून. आदल्या दिवशी जांभया देतात. जिलबी खातात."

"तू कोण यांची?"

"गोंदिया," बाई म्हणाल्या.

डॉक्टर हसली नाही. "उजेड, आवाज सहन होतो का? लहानपणी गाडी लागायची?"

"गाडी? मला बैलगाडी लागायची."

कान तपासले, मेंदूचा फोटो काढला, पुन्हा बोलावलं. सगळं बघून डॉक्टर म्हणाली, ही अर्धशिशी आहे. बाई उसळल्या. "अर्धशिशी माझ्या आईला होती. डोकं बांधून पडायची. ती रस्त्यात झिंगत नव्हती."

तेव्हा त्या मुलीने जे सांगितलं ते मला जसं कळलं तसं लिहिते. अर्धशिशी मेंदूची असते. डोकं दुखणं हा तिचा एक हात. दुखण्याच्या आणि तोलाच्या वाटा मेंदूत एकमेकींना लागून जातात. एकीवर दंगल झाली की दुसरी पेटते. कधी ती दुखण्याच्या हाताने मारते, कधी तोलाच्या, कधी दोन्हींनी. गरगरलं की डोकं भडकतं, डोकं भडकलं की गरगर वाढते. आणि डोकं मुळीच न दुखताही नुसती गरगर येऊ शकते, म्हणून वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही. रोज घ्यायची गोळी दिली. झोप वेळेवर, जेवण वेळेवर. उपास करायचे नाहीत.

"मी बौद्ध आहे, उपास कसले?"

"मग सकाळचं जेवण का चुकवता?"

"ते मालकाला विचारा."

शेवटी बाई म्हणाल्या, "हे सगळं कागदावर द्या. मराठीत. आणि दारू हा शब्द त्यात पाहिजे."

दुसऱ्या दिवशी बाईंनी पाचही प्रेस बंद करायला लावले. मालक म्हणाले, "अर्धशिशी लाथा मारते का हो?"

"माझी मारते. दाखवू?"

मग कागद माझ्या हातात दिला. अक्षरं त्यांच्या डोळ्यांपुढे पोहायची, म्हणून वाचायचं मी. अकरा माणसांपुढे मी कधी बोलले नव्हते. वाचलं: या रुग्णास अर्धशिशीमुळे तोल जाण्याचे व घर फिरल्यासारखे वाटण्याचे झटके येतात. याचा दारूशी काहीही संबंध नाही. मी मोठ्याने वाचलं, आणि थांबले.

"अजून आहे," बाई म्हणाल्या. "खाली शाई दिसतेय मला. वाच."

"संपलं, बाई."

"गोंदिया, वाच."

मी वाचलं. आजार आटोक्यात येईपर्यंत यांनी चालत्या यंत्रावर काम करू नये.

मालकांनी खाली बघितलं. त्यांनाही ते ऐकायचं नव्हतं असं मला वाटलं. बाकीच्या चार प्रेसवर मिळून निघाली नसतील एवढी झाकणं त्या बाईने एकटीने काढली होती. बाई आपल्या तीन नंबरच्या प्रेसपाशी गेल्या. आता काय फोडतात म्हणून सगळे मागे सरले. त्यांनी आपलं स्टूल उचललं, दारापर्यंत नेलं आणि गल्लीत भिरकावलं. ते समोरच्या शटरवर आदळून त्याचे तीन पाय तीन दिशांना गेले. मग त्या माझ्याजवळ आल्या. मी गाल पुढे केला, खरंच केला. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, चार घड्या घातल्या आणि ब्लाउजमध्ये ठेवला.

दीड दिवस त्या खोकी बांधायला बसल्या. चिकटपट्टी दाताने तोडायच्या. तिसऱ्या दिवशी आल्याच नाहीत. पुढे येरवड्यातली खोलीही सोडली. कुणी म्हणालं बहिणीकडे गेल्या, कुणी म्हणालं सुखसागरनगरला शाळेत पोरांना खिचडी वाढतात. मी फोन केला की म्हणायच्या, "आहेस का? बोटं आहेत का? मग ठेव." गोळीने झटके कमी झाले होते. गेले नव्हते.

त्यांना शेवटचं पाहिलं ते बसमधून. तोवर मीही कारखाना सोडून मेसला लागले होते, मेसचं सामान आणायला मार्केट यार्डाकडे निघाले होते. दुपारची वेळ, सिग्नल लाल. खिडकीतून बघते तर बाई रस्त्याच्या बरोबर मध्ये, पट्ट्यांवर. पाय फाकलेले, एक हात डोळ्यांवर. मला कळलं. मी उठून उभी राहिले.

त्यांच्या पुढ्यात स्कूटरवर एक तरुण होता. तो ओरडला, "ओ मावशी! भरदुपारी टाकून आलात का?"

मला वाटलं, गेला याचा दात. बाई त्या आवाजाच्या रोखाने वळल्या. दोन पावलं टाकली आणि दोन्ही मुठींनी त्याचा शर्ट छातीपाशी धरला. बस हाताच्या अंतरावर होती. मी प्रत्येक शब्द ऐकला.

"प्यायले असते तर सरळ चालले असते रे. अर्धशिशी आहे मला. अख्खा रस्ता फिरतोय. तू एकटा जागेवर आहेस. हलू नकोस."

सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न सुरू झाले, शिव्या सुरू झाल्या. आमची बस निघाली. मी "थांबवा, थांबवा" म्हणत दाराकडे धावले, कंडक्टर म्हणाला, "थांबा पुढे आहे, बाई, इथे काय तुमचं घर आहे का?" मी मागच्या काचेला तोंड लावलं. त्या तरुणाने स्कूटर बंद केली होती. दोन्ही पाय रस्त्यावर घट्ट रोवले होते. दोन्ही बाजूंनी गाड्या कोकलत, खेटून जात होत्या, एक टेम्पोवाला अंगावरच येत होता, आणि बाईंच्या मुठीत शर्ट फाटायला आलेला, तो पोरगा हेल्मेटसकट मान ताठ ठेवून, अजिबात हलत नव्हता.